व्हॅम्पायरच्या कथांमध्ये सत्ताधारी नेहमी भ्रष्ट आणि आतल्या गाठीचे का असतात?

कारण इंग्रजी गद्यकथेतला व्हॅम्पायर जन्मालाच उमराव म्हणून आला. त्याआधी लोककथांमधला व्हॅम्पायर म्हणजे थडग्यातून उठणारं, सुजलेलं, गावातलंच प्रेत. १८१९ मध्ये जॉन पॉलिडोरी या लेखकाने आपल्या कथेत त्याला लॉर्ड रुथवेन नावाचा उमराव केलं आणि थेट उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात बसवलं. रक्त पिणारा आता प्रतिष्ठित होता, त्यामुळे त्याच्यावर संशय घेणंच अवघड झालं.

छुप्या हेतूंसाठी मात्र ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' (१८९७) ही कादंबरी बघा. तिच्यातला व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, सुरुवातीला दात दाखवत नाही, कागदपत्रं करतो! लंडनमधली मालमत्ता वकिलामार्फत रीतसर विकत घेतो, इंग्रजांचे कायदे आणि चालीरीती अभ्यासतो, आणि त्याच्या गढीवर आलेल्या हार्कर या तरुण वकिलाकडून पुढच्या तारखा घातलेली पत्रं आधीच लिहून घेतो, म्हणजे हार्कर गायब झाला तरी घरच्यांना तो सुखरूप निघाला असंच वाटावं. मला हा प्रसंग रक्तपातापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो. शिवाय सगळी कादंबरी इतरांच्या डायऱ्या, पत्रं आणि तारांमधून उलगडते. काउंटची स्वतःची डायरी नाहीच. त्याच्या मनात काय आहे ते आपल्याला इतरांच्या नोंदी जुळवूनच ओळखावं लागतं.

सत्तेशी हे नातं कथांपुरतं नाही. अठराव्या शतकातच फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरने लिहिलं होतं की दिवसाढवळ्या लोकांचं रक्त शोषणारे दलाल आणि व्यापारी हेच खरे व्हॅम्पायर. मार्क्सने १८६७ मध्ये तीच उपमा भांडवलाला दिली.

आजच्या कथांमधली व्हॅम्पायरांची दरबारं, घराणी आणि परिषदा याच परंपरेतल्या. मरण नसलेल्या राजाचा वारस कधीच गादीवर येत नाही, म्हणून तिथे कटकारस्थानं अटळ असतात.