सगळंच दाखवायला लागत नाही

"पासवर्ड घरच्यांना सांगितले तर आपलं खासगी काही उरत नाही. नाही सांगितले, तर आपल्यामागे त्यांचे हाल. काय करावं?" साठीच्या आसपासची माणसं हल्ली ही चिंता घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्यासाठी एका जोडप्याची हकीकत सांगते. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलले आहेत.

काका सरकारी नोकरीतून निवृत्त, मुलगी कॅनडात. सोसायटीतले एक गृहस्थ अचानक गेले आणि त्यांच्या पत्नीला महिनाभर फोन उघडता आला नाही. विम्याचे कागद, नातवाचे फोटो, सगळं त्यातच. ते पाहून काकूंनी घरी विषय काढला. "माझ्या मरणाची एवढी घाई झालीय का?" असं म्हणून काका जे भडकले, ते आठ दिवस घरात बोलणं बंद.

"मॅडम, सिलिंडर कधी लावला ते मी कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवते," काकू म्हणाल्या. "ह्यांचे पैसे कुठे कुठे आहेत, ते मात्र मला ठाऊक नाही." काका मान खाली घालून चष्म्याचं घर उघडत-मिटत बसले होते.

काकूंना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. "काका, नेमकं काय कोणाला दिसू नये असं वाटतं?" बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "वाटणीच्या वेळचे मेल." गावच्या जमिनीवरून थोरल्या भावाशी जुंपली होती, दोघांनी एकमेकांना नको नको ते लिहिलं होतं. आता येणं-जाणं पुन्हा सुरू झालंय. "माझी पोर त्याच्या मांडीवर खेळलीय हो. तिने हे वाचायला नको."

काकूंना कर्जाचा संशय होता. खरी गोष्ट एवढीच निघाली.

कोणाला काय मिळावं हे वेगवेगळं ठरवता येतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. गूगलमध्ये 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय 2013 पासून आहे. खातं किती दिवस वापरात नसलं तर पुढची पावलं उचलायची, ते आपण सांगायचं: 3, 6, 12 किंवा 18 महिने. मुदत संपण्याआधी गूगल आपल्यालाच मेसेज आणि मेल करतं, त्यामुळे दवाखान्यात पडून राहिलो म्हणून लगेच काही उघडत नाही. जास्तीत जास्त 10 माणसं नेमता येतात, आणि प्रत्येकाला काय द्यायचं तेही निवडता येतं. काकांनी मुलीला फोटो आणि ड्राइव्हमधली कागदपत्रं दिली. जीमेलपुढची खूण काढून टाकली तेव्हा त्यांचा हात थांबला. "एवढंच?" त्यांनी विचारलं. एवढंच.

आयफोनवाल्यांसाठी 2021 पासून 'लेगसी कॉन्टॅक्ट' आहे, म्हणजे आपल्यामागे आपलं खातं कोणी उघडावं ते माणूस आधीच नेमून ठेवायची सोय. नेमलेल्या माणसाकडची अ‍ॅक्सेस की (नेमताना तयार होणारा कोड) आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतात. फोनमध्ये साठवलेले पासवर्ड मात्र त्यातून मिळत नाहीत.

पैशांचं वेगळं. नेटबँकिंगचा पासवर्ड किंवा यूपीआयचा पिन बायकोला देऊन ठेवणं ही सोय नव्हे. माणूस गेल्यावर त्याच्या खात्यातून परस्पर पैसे काढणं पुढे वारसांमध्ये भांडण लावतं. बँकेत, म्युच्युअल फंडात, शेअर्सच्या डीमॅट खात्याला नॉमिनी लावा, आणि कुठे कुठे काय आहे याची यादी कागदावर लिहा. यादीत फक्त ठिकाणं, पिन नाही. नॉमिनीच्या हाती पैसे येतात ते वारसांच्या वतीने, हेही घरात आधीच बोलून ठेवलेलं बरं. आणि सिमकार्ड घाईने बंद पडू देऊ नका. प्रीपेड नंबर 90 दिवस अजिबात वापरला नाही तर बंद होऊ शकतो, पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, आणि निम्मी कामं त्याच नंबराला जोडलेली असतात.

काकूंना आत बोलावलं. मेलचं काकांनी स्वतःच सांगितलं. "अहो, मला माहितीये ते," काकू म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही रात्र रात्र झोपत नव्हता." यादी त्यांनी आपल्या हाताने लिहिली आणि कपाटात गॅसच्या पुस्तकाजवळ ठेवली.

महिन्याने काका एकटेच आले होते. ते मेल अजून पुसलेले नाहीत, म्हणाले. दिवाळीत भाऊ येणार आहे, त्याला विचारून मग पुसणार आहेत.