तारलीची पिल्ले जातात कुठे?

प्रश्न : दिवाळे कोळीवाड्यात एका वर्षी तारलीचे ढीग लागतात, तर दुसऱ्या वर्षी टोपलीही भरत नाही. मग एवढी अंडी जातात कुठे? (एक वाचक, बेलापूर)

उत्तर : अंडी सहसा कमी पडत नाहीत, पिल्ले जगत नाहीत. पोटाखालचा बलक संपताच बारीक प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) मिळाले नाही, तर पिल्लू उपाशी मरते आणि पुढची मासळी बरीचशी तिथेच ठरते, असे नॉर्वेचे मत्स्यशास्त्रज्ञ योहान योर्ट यांनी १९१४ मध्ये मांडले. मला मात्र भक्षकांचा वाटाही तितकाच मोठा वाटतो, कारण दाट थव्यात अन्न वाटले जाऊन ज्याची वाढ मंदावते, ते पिल्लू जास्त दिवस लहान, म्हणजेच जास्त दिवस इतरांच्या तोंडचा घास राहते. ही वाढ ओळखताही येते, कारण पिल्लाच्या कानातल्या इवल्या खड्यावर रोज एक वलय चढते. भरल्या पोटी रुंद, उपाशीपोटी अरुंद.