मुलगा १४ वर्षांचा, बॅडमिंटन खेळतो. मॅचमध्ये लक्ष उडतं. योगाचा क्लास लावू का?

लावा. पण मॅचच्या दिवशी सकाळी तुम्ही त्याच्याजवळ फिरकू नका.

मी दहा मीटर एअर रायफल खेळायचे. सोळा वर्षांची असताना बालेवाडीला स्पर्धा होती. आमचे बाबा पक्के योगवाले, रोज पहाटे पाचला उठवून प्राणायाम आणि त्राटक, म्हणजे एका ठिपक्याकडे टक लावून बघणं. त्या दिवशी उठायलाच उशीर झाला, त्यात विद्यापीठ चौकात अडकलो. साधना बुडाली म्हणून बाबांनी पार्किंगमध्ये स्कूटर स्टँडला लावली आणि मला तिथेच कपालभाती करायला लावली. तीन राउंड! बाकीच्या मुली किट बॅगा ओढत आत चालल्यात आणि मी हेल्मेट हातात धरून नाकानं फुसफुस करतेय.

आत जाऊन रायफल गालाला लावली, तर पुढच्या साइटची रिंग, म्हणजे नळीच्या टोकाचं नेम धरायचं कडं, नाडीच्या ठोक्यासरशी उडत होती. टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. पहिल्या दहा शॉट्सचे ९६.४. एरवी मी १०२ च्या खाली येत नसे.

रायफल स्टँडवर ठेवून दिली. साठ शॉट्सना ७५ मिनिटं असतात, चार गेली तर गेली. चार मोजून श्वास आत, आठ मोजून बाहेर, बस. उच्छ्वास लांबला की ठोके मंदावतात. पुढच्या पाचही सिरीज (दहा-दहा शॉट्सच्या) नीट गेल्या. फायनलला आठ जणी जातात, मी दहावी आले.

बाबा अजून प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, "योगानं पोरीला ऐन वेळी सावरलं." सावरलं, कबूल. बिघडवलं कशानं ते पण सांगत जा ना! (आई त्यांना हे वाचून दाखवणारच आहे.)

तुमच्या मुलाचं म्हणाल तर रॅली चालू असताना श्वासबिस कुणाला आठवत नाही. टॉवेल घेताना, अकरा पॉइंटला मिळणाऱ्या साठ सेकंदांच्या ब्रेकमध्ये तो लांब उच्छ्वास जमला पाहिजे, आणि त्यासाठी दोन-तीन महिने रोज दहा मिनिटं घरी करावं लागतं. आसनं संध्याकाळी. पश्चिमोत्तानासनात (पाय पसरून पुढे वाकायचं ते) दोन मिनिटं बसून लगेच कोर्टवर उतरलं तर पायातली उसळी कमी होते. आणि हो, दमाबिमा असेल तर श्वास रोखायचे प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

मॅचच्या सकाळी साधना बुडाली तर बुडू द्या. त्याला गेटवर सोडा आणि बाहेर चहा पीत बसा.