सप्टेंबरमध्ये आई-बाबांसोबत दक्षिण इंग्लंडात पायी भटकायचं असेल तर कुठे जावं?

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरच्या मध्यावर दहा दिवस आहेत, लंडन आधीच पाहून झालंय, गाडी चालवायची नाही आणि आई-बाबा साठीच्या पुढचे असले तरी रोज सकाळी टेकडी चढतात. समुद्रही हवा आणि खेडीही. मी ससेक्समध्ये राहतो आणि सुट्टीचा दिवस बहुतेक चालण्यातच जातो, त्यामुळे मनापासून उत्तर देतो.

आधी एकच सांगतो. 'बघण्याच्या ठिकाणांची' यादी करू नका, वाटा निवडा. एका स्टेशनवर उतरायचं, डोंगर किंवा किनारा धरून चालायचं आणि दुसऱ्याच गावातून बस पकडून मुक्कामी परतायचं. गाडी असली की माणूस पार्किंगपासून पार्किंगपर्यंतच फिरतो, कारण गाडीकडे परत यावंच लागतं. तुमच्याकडे गाडी नाही हे उलट बरंच आहे.

हे जमतं ते इथल्या पायवाटांच्या कायद्यामुळे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटांवर कुणालाही चालायचा हक्क आहे, आणि यातल्या कितीतरी वाटा लोकांच्या खाजगी शेतांतून, कुरणांतून, कधी तर घराच्या अंगणाला खेटून जातात. शेतातून वाट जात असेल तर नांगरणीनंतर ती पुन्हा मोकळी करून देणं शेतकऱ्यावर बंधनकारक आहे. उभ्या पिकाच्या मधोमध माणूसभर रुंदीची पट्टी पुढे गेलेली दिसते आणि आपण तिच्यावरून बिनदिक्कत जायचं. भारतातून आलेले पाहुणे पहिल्यांदा अशा ठिकाणी थबकतात, 'कुणी ओरडणार नाही ना?' म्हणून विचारतात. कुणी ओरडत नाही. खांबावर पिवळा बाण असेल तर वाट फक्त चालणाऱ्यांची, निळा असेल तर घोडे आणि सायकलीही येणार, आणि ओकच्या फळाचं चित्र असेल तर ती राष्ट्रीय पदयात्रा-मार्गांपैकी एक. कुरणांच्या तोंडाशी एक गंमतीचं फाटक असतं. अर्धगोल कुंपणाच्या आत झुलणारी एकच झडप. आत शिरायचं, झडप पलीकडे ढकलायची आणि बाहेर पडायचं. माणूस एकेक करून जातो, गाय मात्र अडकते. साधी फाटकं जशी सापडतील तशीच ठेवायची, बंद असेल तर आपल्यामागे बंद.

दहा दिवसांत दोनच मुक्काम करा. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाचं कॉर्नवॉल सुंदर आहे, पण तिकडे जाण्यायेण्यातच दोन दिवस जातात, म्हणून या खेपेला सोडा.

पहिला मुक्काम सीफर्ड किंवा ईस्टबर्न. लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवरून ईस्टबर्नला थेट गाडी आहे, सीफर्डसाठी साधारणपणे ल्युइसला बदलावी लागते. या दोन गावांच्या मध्ये सेव्हन सिस्टर्स नावाचे खडूचे पांढरे कडे आहेत. खडू म्हणजे अक्षरशः फळ्यावरचा खडू. हात लावला की बोटं पांढरी होतात. जवळून पाहिलं तर त्या पांढऱ्या भिंतीत चकमकीच्या काळ्या दगडांच्या आडव्या ओळी दिसतात, आणि खाली किनाऱ्यावरचे गोटे म्हणजे त्याच ओळींतून निखळून लाटांनी घासलेले दगड. हा सगळा खडू कोट्यवधी वर्षांपूर्वी उबदार समुद्राच्या तळाशी साचलेल्या सूक्ष्म जीवांच्या कवचांचा आहे.

पहिल्याच दिवशी कडे चढायला जाऊ नका. सीफर्ड स्टेशनवरून समुद्राकडे या, डावीकडे वळा आणि सीफर्ड हेडची चढण घ्या. दम लागेल, पण ती एकच. पलीकडे उतरताना जुन्या तटरक्षकांची दोन-चार घरं लागतात आणि त्यांच्यामागे सातही बहिणी एका रांगेत उभ्या दिसतात. तुम्ही जो फोटो पाहिला असेल तो इथलाच. इथे बसून डबा खा. समोर कुकमिअर नदी समुद्राला मिळते, पण मुखाशी पूल नाही, आणि ओहोटीला पाणी कमी दिसलं तरी पार करायचा विचार करू नका. नदीकाठाने आत एक्सीटच्या पुलापर्यंत चाला. वाट सपाट आहे, बगळे दिसतात. पुलाजवळ ब्रायटन-ईस्टबर्न मार्गावरची १२ नंबरची बस मिळते. सगळं मिळून अर्धा दिवस.

आई-बाबांना हे झेपलं तर एखाद दिवस सोडून मोठी वाट धरा. एक्सीटपासून नदीच्या पूर्व बाजूने किनाऱ्यावर या आणि एकामागून एक बहिणी चढत-उतरत बर्लिंग गॅपला पोचा. अंतर पाच-सहा किलोमीटरच, पण एकही टप्पा सपाट नाही, गुडघे बोलू लागतात. मी ही वाट नेहमी पश्चिमेकडून पूर्वेकडे करतो, कारण इथला वारा बहुतांशी नैर्ऋत्येचा असतो आणि दिवसभर पाठीवर घेतलेला बरा. बर्लिंग गॅपला नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेचं कॅफे आहे, स्वच्छतागृह आहे आणि किनाऱ्यावर उतरायला लोखंडी जिना. तिथली समुद्राकाठची घरं एकेक करून पाडावी लागली, कारण कडा त्यांच्या पायापर्यंत आला. जवळच टेकाडावर बेल टाउट हे जुनं दीपगृह आहे. तेही असंच कड्यावर आलं होतं, तेव्हा १९९९ मध्ये अख्खी इमारत उचलून रुळांवरून १७ मीटर मागे सरकवली.

यातूनच सगळ्यात महत्त्वाची सूचना निघते. कड्याच्या टोकापासून निदान पाच-सहा मीटर आत राहा. वरून गवत घट्ट दिसतं, पण खाली खडू पोखरलेला असतो आणि तो इशारा न देता कोसळतो. बहुतेक ठिकाणी कठडा नाही. लोक टोकाला पाय सोडून फोटो काढताना दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. कड्याच्या पायथ्याशी चादर टाकून बसू नका. किनाऱ्यावर उतरायचं असेल तर भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा. काही झालंच तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचं.

ताकद उरली असेल तर बर्लिंग गॅपवरून बीची हेड करून ईस्टबर्नला उतरता येतं. बीची हेड १६२ मीटर उंच आहे, ब्रिटनमधला सर्वात उंच खडूचा समुद्रकडा. नसेल तर सरळ आत ईस्ट डीन गावात जा. मधोमध हिरवळ, तिच्या कडेला पब, आणि थोडं पुढे मुख्य रस्त्यावर तीच १२ नंबर. बर्लिंग गॅपची स्वतःची बस रोज नसते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

आता ज्या वाटेसाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ती. ब्रायटनच्या उत्तरेला हॅसॉक्स स्टेशनवर उतरा. तिथून क्लेटनच्या चढणीवर जॅक आणि जिल या दोन पवनचक्क्या आहेत. पांढरी जिल १८५२ मध्ये ब्रायटनहून बैलांकरवी ओढून वर आणली होती. डोंगराच्या पोटातून रेल्वेचा बोगदा जातो, त्याचं तोंड किल्ल्याच्या दरवाजासारखं बांधलंय. पवनचक्क्या मागे टाकून दक्षिणेकडे उतरायला लागलं की मेंढ्यांच्या कुरणांमध्ये अचानक एक पांढरी संगमरवरी छत्री दिसते. तिचं नावही 'छत्री'च आहे.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर जखमी झालेल्या हिंदुस्थानी सैनिकांना ब्रायटनला आणत. तिथल्या राजवाड्यात, रॉयल पॅव्हेलियनमध्ये, त्यांचं इस्पितळ होतं. जे हिंदू आणि शीख सैनिक वाचले नाहीत, त्यांना या माळावर आणून अग्नी दिला. अशा ५३ जणांचं दहन इथे झालं, रक्षा समुद्रात सोडली. मुसलमान सैनिकांना वोकिंगला, मशिदीजवळ, दफन केलं. दहनाच्या जागेवर आठ खांबांची ही छत्री बांधली, १ फेब्रुवारी १९२१ ला तिचं अनावरण झालं. आराखडा ई. सी. हेन्रिक्स या मुंबईच्या तरुण वास्तुविशारदाचा. पायऱ्यांच्या खाली तीन मोठ्या ग्रॅनाइटच्या शिळा आहेत, त्यांच्याखाली चितांचे चौथरे. बाजूच्या भिंतीवर ५३ नावं कोरली आहेत.

इथपर्यंत डांबरी रस्ता येत नाही, पायीच जावं लागतं. म्हणूनच इंग्लंड 'करून' आलेल्या बहुतेक मराठी लोकांना ही जागा ठाऊक नसते, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. आई-बाबांना घेऊन जा. नावं सावकाश वाचा. खेड्यातून निघून, कधी न पाहिलेल्या थंडीत लढलेली ही माणसं. समोर ब्रायटन आणि त्यापलीकडे समुद्र दिसतो. पुढे तासाभरात पॅचमला उतरलात की शहराची बस मिळेल. संध्याकाळी पॅव्हेलियनही पाहून घ्या, म्हणजे गोष्ट पुरी होते.

दुसरा मुक्काम डॉर्सेटमध्ये स्वॅनेज. लंडनच्या वॉटर्लूहून वेअरहॅमपर्यंत गाडी, पुढे बस. ही बस कॉर्फ कॅसलवरून जाते, तिथे एक दुपार उतरा. १६४६ मध्ये यादवी युद्धात पार्लमेंटच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि सुरुंग लावून फोडला. तिरके झालेले बुरूज तसेच उभे आहेत. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या उडवल्या, ती रीत त्यांनी आधी स्वतःच्या किल्ल्यांवर वापरली होती. तुमच्या बाबांनी सह्याद्रीतले किल्ले पाहिले असतील तर त्यांना इथे बरंच बोलायला सुचेल.

स्वॅनेजहून उत्तरेला बॅलर्ड डाउनची चढण चढून ओल्ड हॅरी रॉक्सकडे जा आणि स्टडलंडला उतरा. साधारण सहा-सात किलोमीटर, परतीला बस. समुद्रात सुटे उभे असलेले हे खडूचे सुळके. शेजारचा 'ओल्ड हॅरीची बायको' म्हणून ओळखला जाणारा सुळका १८९६ मध्ये कोसळला, आता नुसतं बुंध्यासारखं उरलंय. हवा स्वच्छ असेल तर पूर्वेला आइल ऑफ वाइट बेटाचे नीडल्स नावाचे असेच सुळके दिसतात. एकेकाळी हा खडूचा पट्टा तिथपर्यंत सलग होता, मधला भाग समुद्राने खाल्ला. थकव्याच्या दिवशी दक्षिणेला डर्लस्टनला जा. तिथे १८८७ मधला, चाळीस टन वजनाचा दगडी पृथ्वीगोल आहे.

समुद्रातली डर्डल डोअर ही दगडी कमान पाहायची इच्छा असणारच. ललवर्थ कोव्हहून दीड-दोन किलोमीटरची दगडी वाट आहे, चढ चांगलाच. गर्दीही भरपूर, पण सप्टेंबरात शाळा सुरू झालेल्या असतात, त्यामुळे शनिवार-रविवार टाळलात तर सुसह्य. स्वॅनेजकडून तिकडे जाणारी बस उन्हाळी हंगामापुरती असते, निघण्याआधी वेळापत्रक बघाच.

स्वॅनेजऐवजी याच किनाऱ्यावर पश्चिमेला असलेलं लाइम रेजिस घ्यावं का, असा प्रश्न पडू शकतो. हा सगळा किनारा, एक्समथपासून स्टडलंडपर्यंत, २००१ पासून जागतिक वारसा आहे तो खडकांसाठी आणि जीवाश्मांसाठी, आणि ते हाताने वेचायचे असतील तर लाइम आणि चारमथच. मेरी ॲनिंग या गरीब घरातल्या मुलीने इथेच प्रचंड सागरी सरपटणाऱ्या प्राण्यांचे सांगाडे शोधले. वाळूत सुटे पडलेले छोटे अमोनाइट, म्हणजे वेटोळ्या शंखाच्या सागरी प्राण्यांचे जीवाश्म, उचलायला परवानगी आहे, कड्यात हातोडी मारायची नाही. तुमच्या देवघरात चक्राची खूण असलेला शाळिग्राम असेल तर आईला सांगा, गंडकीच्या पात्रातला तो दगडही अमोनाइटचाच जीवाश्म आहे. आईला अशा गोष्टींची ओढ असेल तर लाइम निवडा, चालण्यालाच महत्त्व असेल तर स्वॅनेज. दोन्ही एका खेपेत कोंबू नका.

तिकिटांचं: तिघे किंवा जास्त मोठी माणसं एकत्र जात असाल तर गर्दीची वेळ सोडून 'ग्रुपसेव्ह' मागा, दक्षिणेकडच्या बहुतेक गाड्यांवर एक तृतीयांश सूट मिळते, वेगळं कार्ड लागत नाही. नकाशासाठी ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेचं ॲप किंवा त्यांचे नारिंगी वेष्टनाचे नकाशे घ्या, त्यांत प्रत्येक हक्काची वाट हिरव्या तुटक रेषेने दाखवलेली असते. गूगल मॅप तुम्हाला हमखास मोटाररस्त्याच्या कडेने नेईल.

शाकाहाराची काळजी करू नका, पण भरवशाचा डबा सोबत असू द्या. खेड्यातल्या पबची स्वयंपाकघरं दुपारी अडीचच्या आसपास बंद होतात. कुंपणांवर पिकलेल्या ब्लॅकबेरी असतील, तोडून खा. मध्य सप्टेंबरात अंधार साडेसातच्या पुढे पडतो, म्हणजे घाई नाही. कुरणात गाई असल्या तर सावकाश, लांबून वळसा घालून जा, गाय आणि वासरू यांच्या मधून कधीही नाही. उंच गवतातून जाताना लांब पँट घाला आणि रात्री पाय तपासा, इथल्या गोचिडांमुळे आजार होतो.

बुटांबद्दल विचारलंत: पावसाने भिजलेला खडू साबणासारखा निसरडा होतो, म्हणून तळव्याला खोल खाचा असलेलेच बूट घ्या, आणि ते पुण्यातच महिनाभर घालून पायाला बसवा. छत्री कड्यावर उपयोगाची नाही, वारा ती उलटी करतो. टोपी असलेलं जलरोधक जाकीट पुरे. आईसाठी एक घडीची काठी घ्या, सेव्हन सिस्टर्सच्या उतारांवर तिचा फार आधार होतो.