उंटासाठी दरवाजा शोधू नका

प्रश्न : आदरणीय बाई, आम्ही स्नेहलतागंजमध्ये राहतो. आमच्याकडचे जुने मुनीमजी ख्रिस्ती होते. ते नुकतेच वारले, म्हणून त्यांच्या स्मरणसभेला गेलो होतो. त्यांच्या आवडीचा म्हणून तिथे बायबलमधला एक उतारा वाचला. त्यात होतं की, श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं आहे. नंतर चहा घेताना एका गृहस्थांनी मला धीर दिला. म्हणाले, यरुशलेमच्या तटाला 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता, ओझं उतरवलं आणि गुडघे टेकले की उंट त्यातून आत जायचा. श्रीमंताने नम्र असावं, एवढाच त्याचा अर्थ. हे खरं का?

आमचं सांगतो. वडिलांनी राऊच्या बाजूला बारा बिघे जमीन घेतली होती. तिच्यावर एक कुटुंब बटाईने शेती करायचं, त्यांना थोडंफार देऊन मोकळं केलं. पुढे बायपास झाला, भाव वाढले, आम्ही प्लॉट पाडले. आज कशाची कमी नाही. मी कोणाला फसवलेलं नाही, टॅक्स चुकवत नाही, दरवर्षी अन्नदान करतो. तुकोबांनीसुद्धा चांगल्या व्यवहाराने धन जोडावं असंच सांगितलंय ना? आणि अहिल्यादेवींकडे तर अख्खी दौलत होती, त्यांनाही स्वर्ग नाही का? त्या दिवसापासून झोप लागत नाही.
— एक वाचक, इंदूर

उत्तर : दादा, दरवाज्याचं आधी सांगते. असा दरवाजा नव्हता. येशूच्या काळच्या यरुशलेमला या नावाचा दरवाजा असल्याचा पुरावा उत्खननात मिळालेला नाही आणि त्या काळच्या लिखाणातही नाही. ही गोष्ट मध्ययुगातल्या युरोपी भाष्यांतून पसरली, म्हणजे येशूनंतर हजारेक वर्षांनी. यरुशलेमचा आज दिसणारा तट तर सोळाव्या शतकात सुलतान सुलेमानने बांधलेला आहे. काहींनी त्या वाक्यात उंटाच्या ऐवजी जहाजाचा जाड दोर घालून पाहिला, तोही वाक्य सोपं करण्याच्या याच हौसेने.

येशू बोलत होता तिथल्या लोकांना रोज दिसणारं सगळ्यांत मोठं जनावर उंट, आणि घरातलं सगळ्यांत बारीक भोक सुईच्या नेढ्याचं. ऐकणाऱ्याला चटकन कळावं म्हणून तो तसं बोलला. बाबेलच्या यहुदी पंडितांच्या चर्चांत उंटाच्या जागी हत्ती येतो. माणसाला स्वप्नातसुद्धा सुईच्या नेढ्यातून जाणारा हत्ती दिसत नाही, असं ते म्हणत. कुराणातल्या सातव्या सूऱ्यातही सुईच्या नेढ्यातला उंट आहे, फक्त तिथे तो ईश्वराच्या खुणा नाकारणाऱ्या गर्विष्ठांसाठी आहे. तिन्हीकडे अर्थ एकच : हे होणे नाही.

हे वाक्य सैल करून सांगणाऱ्यांवर मी रागावते, कारण त्यात येशूचे शिष्य वेडे ठरतात. नुसतं ओझं उतरवून गुडघे टेकायचे असते, तर ते इतके हादरले कशाला असते? येशूचं चरित्र सांगणारा मार्क लिहितो की ते थक्क होऊन एकमेकांना म्हणू लागले, मग तारण, म्हणजे उद्धार, होणार तरी कोणाचा? त्यांच्या शास्त्रात त्यांचा पूर्वज अब्राहाम धनवान होता, सगळं गमावलेल्या ईयोबाला देवाने दुप्पट परत दिलं होतं. धन म्हणजे देवाचा आशीर्वाद, हेच ते लहानपणापासून ऐकत आले होते. येशूने त्यांची समजूत घालताना उंट लहान केला नाही. माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही, असं तो म्हणाला.

आता ज्याच्यामुळे हे वाक्य निघालं त्या माणसाकडे या. मार्कच्या दहाव्या अध्यायात एक जण धावत येतो, गुडघे टेकतो आणि विचारतो की सार्वकालिक जीवन मिळावं म्हणून काय करू? हीच गोष्ट लिहिणारे दुसरे दोघे, मत्तय त्याला तरुण म्हणतो, लूक त्याला अधिकारी म्हणतो. गुडघे त्याने आधीच टेकले होते, हे त्या दरवाजावाल्या गृहस्थांना जरूर सांगा. येशू त्याला देवाच्या आज्ञा आठवून देतो. तो म्हणतो, हे सगळं मी लहानपणापासून पाळत आलोय.

माझे वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. रात्री जेवणं झाली की ते आम्हा भावंडांना मोठ्याने वाचून दाखवत, आणि इथे आले की थांबत. पुढचं वाक्य फक्त मार्कमध्ये आहे : येशूने त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली. मग त्याला सांगितलं, तुझ्यात एक उणं आहे, जा, असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. वडील म्हणायचे, ही शिक्षा नव्हे गं, आवडलेल्या माणसालाच इतकं मागतात. तो माणूस खिन्न होऊन निघून गेला, कारण त्याची मालमत्ता फार होती. तुमची उडालेली झोप मी याच वाक्याशेजारी ठेवते. तुम्हाला कोणी हाकलून दिलेलं नाही, दादा.

येशूने मोजलेल्या आज्ञांत खून करू नको, चोरी करू नको या ओळखीच्या आहेतच. पण मार्कमध्ये तो आणखी एक घालतो, ठकवू नको. दहा आज्ञांच्या यादीत ती या शब्दांत नाही. त्या माणसासमोर ती मुद्दाम का घातली असेल? त्या काळी पॅलेस्टाईनमध्ये मोठी मालमत्ता म्हणजे मुख्यतः जमीन, आणि कर्जात बुडालेल्या लहान शेतकऱ्याची जमीन धनकोकडे जाणं काही दुर्मिळ नव्हतं. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताच्या नावाने आलेल्या एका भाष्यात या गोष्टीचं आणखी एक जुनं रूप टिकून आहे. त्यात विकून दे म्हटल्यावर श्रीमंत डोकं खाजवायला लागतो आणि येशू त्याला विचारतो : मी आज्ञा पाळल्या असं कसं म्हणतोस? अब्राहामाचीच लेकरं असलेले तुझे कितीतरी भाऊ घाणीत, उपाशी मरतायत, तुझं घर भरलेलं आहे आणि त्यातलं त्यांच्याकडे काहीच जात नाही.

म्हणून तुमच्या पत्रातली एक ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. तिच्यावर बटाईने शेती करायचं ते कुटुंब, थोडंफार देऊन मोकळं केलं. बारा बिघे, बायपास, प्लॉट, अन्नदान हे सगळं तुम्ही नीट सांगितलंत, या माणसांचं मात्र नावही नाही. किती वर्षं कसत होते ते? उठले तेव्हा उभं पीक होतं का? गेले कुठे? थोडंफार म्हणजे किती, आणि पहिला प्लॉट कितीला गेला? हे माझ्यासाठी लिहून पाठवू नका. जुनी वही काढा आणि मुलाला शेजारी बसवून बघा.

यरीहोचा जक्कय जकातदारांचा मुख्य होता, लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात तो भेटतो. येशूने त्याला सगळं विकायला सांगितलं नाही. तोच उभा राहून म्हणाला की अर्धं गरिबांना देतो आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याचं चौपट परत करतो. आपणहून कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच यहुद्यांचं जुनं, मोशेचं नियमशास्त्र मागतं. तो त्याच्या कितीतरी पुढे गेला आणि येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं आहे. आज, आणि या घराला. मेल्यानंतर उघडणाऱ्या दाराबद्दल तो बोलत नव्हता. आम्ही ख्रिस्ती लोक रोजच्या प्रार्थनेतही तेच मागतो, तुझं राज्य येवो, जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही.

तुकोबांचं तुम्ही बरोबर सांगितलंत, पण त्यांचं ते वागणंही आठवा. घरात वडिलोपार्जित सावकारी होती. परंपरा सांगते की धाकट्या कान्होबाचा हिस्सा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली. धन उदासपणे खर्चावं म्हणणाऱ्याने आधी कुळांच्या मानेवरचा कागद काढला. माझ्या मते जक्कय आणि तुकोबा इथे शेजारी बसतात.

अहिल्यादेवींचा निकाल लावणारी मी कोण? एवढं खरं की घाट, विहिरी, धर्मशाळा आणि देवळं त्यांनी खासगीतून देशभर बांधली, आणि हुकुमांवर स्वतःच्या सहीऐवजी 'श्री शंकर' लिहिलं. दौलत दुसऱ्याची आणि मी नुसती सांभाळणारी, असं त्या जगल्या. देवाला सगळं शक्य आहे हे वाक्य कोणालाही अडवून धरत नाही.

जुन्या ख्रिस्ती मंडळींनीही याच्याशी झुंज घेतली. इजिप्तच्या अंतोनी नावाच्या तरुणाने तिसऱ्या शतकात हा उतारा उपासनेत ऐकला आणि आपली शेतजमीन गावाला देऊन टाकली. त्याच्या आधी आलेक्सांद्रियाच्या क्लेमेंट या ख्रिस्ती गुरूने त्या श्रीमंत व्यापारी शहरात शिकवलं की आसक्ती सोडा, कारण कोणाकडेच काही नसेल तर भुकेल्याला जेवू कोण घालणार? क्लेमेंटचं म्हणणं मला पटतं. पण मनातून सोडलं की नाही, हे फक्त दिल्यावर कळतं.

तेव्हा दादा, राऊला जा. वकिलाला विचारून जाऊ नका. कायद्याने त्यांचं काही निघतच नसेल आणि वकील तेच सांगेल. त्या कुटुंबातलं कोणी ना कोणी जवळच्या वस्तीत सापडेल. त्यांना घरी बोलावू नका, त्यांच्या ओट्यावर जाऊन बसा आणि आकडा त्यांना सांगू द्या. अन्नदान चालू ठेवाच, पण ते यानंतर. सगळं विकायचं का, हे मी सांगू शकत नाही. ते तुम्हाला येशूकडूनच ऐकावं लागेल, आणि तो तुमच्याकडेही निरखून पाहतोय असा माझा पक्का विश्वास आहे.

प्रश्न : बाई, मी दांडिया बाजारात तीन घरी पोळ्या करते. एका घरच्या आजी चांगल्या आहेत, पण पगाराचं काढलं की म्हणतात, अगं, गरिबाला देव आधी भेटतो, पैशाने माणूस बिघडतो. मग वाढवून मागणं पाप आहे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ताई, अजिबात नाही. ते सुईचं वाक्य श्रीमंताला उद्देशून आहे. ते श्रीमंताने उचलून गरिबाला ऐकवायचं नसतं. अहो दीनांनो, तुम्ही धन्य, असं येशू म्हणाला, पण ते गरिबांना जवळ घेऊन म्हणाला, त्यांची मजुरी अडवून नव्हे. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण त्याचा जीव तिच्यावर असतो. आणि बायबलमधल्याच एका पत्रात याकोब श्रीमंतांना लिहितो की तुम्ही अडवून धरलेली मजुरी ओरडते आहे आणि तो आवाज देवाच्या कानी गेला आहे.

आजींना दुखवू नका, पण आकडा स्पष्ट बोला. आजूबाजूला पोळीमागे काय दर चालतो ते आधी बाकीच्या बायकांना विचारून घ्या, आणि महिन्याच्या सुट्ट्यांचंही त्याच वेळी ठरवून टाका. दिवाळीपर्यंत थांबू नका.