घरातल्या कामांसाठी कॉर्डलेस ड्रिल १२ व्होल्टचं घ्यावं की १८?

आधी भिंत बघा. नुसत्या कपाटाच्या बिजागऱ्या आणि लाकडातले स्क्रू असतील तर १२ व्होल्ट भरपूर झालं. हलकं असतं, स्टुलावर उभं राहून हात भरून येत नाही. विटांच्या भिंतीत गिट्टी (स्क्रू पकडून ठेवणारी प्लास्टिकची नळी) ठोकायची असेल तर मात्र १८ व्होल्टचं, हॅमरची खूण असलेलंच, म्हणजे फिरता फिरता ठोकेही देणारं घ्या. ६ मिमीची गिट्टी, ६ मिमीचा मेसनरी बिट, म्हणजे वीट-काँक्रीटला भोक पाडणारी ड्रिलची सळई. भोक जेवढं खोल हवं तेवढं मोजून बिटावर तिथे चिकटपट्टी गुंडाळा. पण पडद्याचा रॉड बहुधा खिडकीवरच्या लिंटेलमध्ये (आडव्या तुळईत) येतो, आणि ते काँक्रीट! तिथे माझं १८ व्होल्टचंही नुसतं कुरकुरलं, बिटाचं टोक निळं पडलं. शेवटी रोटरी हॅमर, म्हणजे काँक्रीटसाठीचं जोरदार ठोके देणारं ड्रिल, भाड्याने आणला. आणि हो, बॅटऱ्या दोन घ्या.