अराउझ हे क्रियापद भावना भडकवणे, जागवणे या अर्थाने वाक्यात कसं वापरायचं?

सगळ्यात आधी हे बघा की अराउझच्या पुढे शक्यतो भावनेचं नाव येतं, माणसाचं नाही. म्हणजे राग, संशय, कुतूहल, सहानुभूती असं काहीतरी. हिज सायलेन्स अराउझ्ड देअर सस्पिशन, म्हणजे तो गप्प बसला आणि त्यामुळेच त्यांना संशय आला. आणि कुणाच्या मनात ते सांगायचं असेल तर इन किंवा अमंग लावायचं, द स्पीच अराउझ्ड अँगर अमंग द वर्कर्स, झालं.

इथे खरी गडबड होते ती माणूस थेट कर्म म्हणून टाकला की. ही अराउझ्ड मी असं लिहिलंत तर वाचणारा बहुतेक वेळा लैंगिक अर्थच घेतो, ऑफिसच्या मेलमध्ये तर हे अजिबात करू नका प्लीज. लोकांना पेटवलं असं म्हणायचंय ना, मग राउझ वापरा, ही राउझ्ड द क्राउड. एखाद्याला मुद्दाम डिवचलं तर प्रोव्होक, आणि दंगल किंवा हिंसेला चिथावणी दिली तर इन्साइट, कायद्याच्या भाषेत पण तोच शब्द येतो.

अजून एक, अराइझशी घोळ घालू नका. त्याचं अरोझ, अरिझन होतं आणि त्याला कर्म लागत नाही, प्रश्न आपोआप उपस्थित होतो तिथे ते. अराउझचं सरळ अराउझ्ड.

आणि आनंदासाठी हे क्रियापद फारसं कुणी वापरत नाही, तिथे ब्रिंग जॉय बरं वाटतं.